लहान शाळेचा पट आणि तिची टक्केवारी

अमेरिकेतील चार्टर शाळा आपल्यापैकी अनेकांना केवळ नावाने परिचित असतील. चार्टर म्हणजे सनद. ही शाळा सरकारी पैशावर चालते, शुल्क घेत नाही आणि नेहमीच्या शाळांना बांधून ठेवणाऱ्या कित्येक नियमांतून तिला मोकळीक असते. या मोकळिकीच्या बदल्यात सनदेची मुदत संपताना तिला हिशेब द्यावा लागतो. तो समाधानकारक नसेल, तर शाळा बंद होऊ शकते. असा पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने केला. पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात सिटी अकॅडमी ही पहिली चार्टर शाळा सुरू झाली आणि तिने दार उघडले ते शिक्षण अर्ध्यावर सोडलेल्या मुलांसाठी. हा तपशील आपण लक्षात ठेवावा. कारण हिशेब मागितला जातो तो मुख्यतः राज्याच्या चाचणीतील टक्केवारीच्या भाषेत, आणि लहान शाळेच्या बाबतीत ही भाषा फसवी आहे असे माझे मत आहे.

समजा, एका वर्गाचा पट वीस आहे. यंदा बारा मुलांनी अपेक्षित पातळी गाठली, म्हणजे साठ टक्के. पुढील वर्षी पंधरा मुलांनी गाठली, म्हणजे पंचाहत्तर. वार्षिक अहवालात याला 'झेप' म्हटले जाईल, मुख्याध्यापकांचे अभिनंदन होईल. प्रत्यक्षात फरक तीन मुलांचा आहे. एखादे कुटुंब गाव सोडून गेले, एखादे मूल चाचणीच्या दिवशी तापाने फणफणले होते, एवढ्यानेही तो पडू शकतो. उलट दिशेने आकडा घसरला, तर हीच तीन मुले शाळेच्या मुळावर येतात. (आपल्याकडे दहावीच्या निकालानंतर फाटकावर 'निकाल १०० टक्के' असा फलक झळकतो, परीक्षेला किती जण बसले होते, हे मात्र त्यावर क्वचितच लिहिलेले असते.)

हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञांनी २००७ मधील एका लेखात हा मुद्दा पेनसिल्व्हेनिया राज्यातील १,६६२ शाळांच्या आकड्यांनी स्पष्ट केला. सर्वांत जास्त गुण असलेल्या पन्नास शाळांत राज्यातील सर्वांत लहान पन्नासपैकी सहा शाळा होत्या. केवळ योगायोगाने तेथे एक-दोन असायला हव्या होत्या. यावरून 'लहान शाळा उत्तम' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि लहान शाळांच्या चळवळीत तो अनेकांना झालाही. पण तळाच्या पन्नास शाळांत याच लहान शाळांपैकी नऊ होत्या. पट जितका छोटा, तितकी सरासरी वर-खाली हेलकावते. शिखरावर लहान शाळा दिसतात आणि तळाशीही दिसतात, ते यामुळे.

आता त्या वर्गात बसले आहे कोण, याकडे वळू. २००२ मध्ये अंमलात आलेल्या आणि २०१५ मध्ये नव्या रूपात आलेल्या संघराज्याच्या शिक्षण कायद्यांनी निकाल गटवार मांडणे बंधनकारक केले : गरीब घरांतील मुले, निरनिराळ्या वंशांची मुले, अपंग मुले, इंग्रजी नव्याने शिकणारी मुले. हेतू निःसंशय चांगला होता. सरासरीच्या पदराआड मागे पडलेली मुले झाकली जाऊ नयेत, हा तो हेतू. परंतु गट फारच लहान असेल, तर मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून आकडा छापलाच जात नाही. लहान शाळेत तर असे गट चार-पाच मुलांचेच असतात. म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप, तीच मुले तक्त्यातून नाहीशी होतात आणि हाती उरते ती पुन्हा तीच डळमळीत सरासरी.

गरिबीचे मापही सरळ नाही. कुटुंबाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांच्या आत असेल तर मुलाला शाळेत मोफत जेवण, १८५ टक्क्यांच्या आत असेल तर सवलतीत. अशा मुलांचे प्रमाण म्हणजे शाळेतील गरिबी, असा तेथील जुना संकेत. २०१० च्या कायद्याने गरीब वस्त्यांतील शाळांना सरसकट सर्वांना मोफत जेवण देण्याची मुभा दिली आणि हे माप आणखी धूसर झाले. काही चार्टर शाळा या जेवण योजनेत सहभागीच नसतात. अशी शाळा कागदावर संपन्न वाटू शकते!

'मग गरीब मुलांच्या शाळेला सगळे माफ करायचे का?' असा प्रश्न आपण विचाराल, आणि तो विचारलाच पाहिजे. १९६६ च्या कोलमन अहवालाने मुलांच्या यशात घरच्या परिस्थितीचा वाटा फार मोठा असल्याचे दाखविल्यापासून या सत्याचा सबब म्हणूनही वापर होत आला आहे. मला सबब नको. तुलना बरोबरीच्यांशी व्हावी, एवढेच म्हणायचे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका संशोधन केंद्राने २००९ मध्ये चार्टर शाळेतील प्रत्येक मुलाची तुलना शेजारच्या सरकारी शाळांतील तशाच परिस्थितीच्या आणि आधीचे गुणही तेवढेच असलेल्या मुलांशी केली. गणितात १७ टक्के चार्टर शाळा सरस ठरल्या, ३७ टक्के मागे पडल्या, उरलेल्यांत विशेष फरक आढळला नाही. चार्टर शाळांचे समर्थक आणि विरोधक दोघांनाही अडचणीचे असे हे उत्तर आहे. प्रश्न नीट विचारला की पुष्कळदा असेच होते.

म्हणून सनदेचा निर्णय घेणाऱ्यांनी लहान शाळेचे एक वर्ष तोलू नये. तीन-चार वर्षांची मुले एकत्र मोजावीत आणि मूल कोठे पोहोचले यासोबत ते कोठून निघाले होते हेही पाहावे. शिवाय शरद ऋतूत पटावर असलेल्यांपैकी किती जण वसंतातील चाचणीला बसले, जे गेले ते कोणत्या शाळेत गेले, आणि त्यांच्या रिकाम्या जागी नवी मुले घेतली का, हे विचारावे. काही चार्टर शाळा वरच्या वर्गांत अशा जागा भरत नाहीत. पंचवीसांचा वर्ग गळत गळत अठरांवर येतो, गेलेल्यांत मागे पडलेलीच मुले अधिक असतात, आणि वर्गातील कोणीही एक अक्षर जास्त न शिकता टक्केवारी वाढते.