लक्षात ठेवायचं काम वाटून घ्या

तुम्ही शाळेत शिकवता. घरी मूल लहान आहे. सासूबाईंच्या गोळ्या कधी संपतात, तेही तुम्हालाच ठाऊक असतं. सकाळी हजेरी आणि पोषण आहाराची नोंद. दुपारी ‘आजच्या आज लिंक भरा’ असा केंद्रातून निरोप. संध्याकाळी मुलीचा गृहपाठ, उद्याचा डबा, राहिलेलं टाचण.

कामं होतात. जीव थकतो तो हे सगळं एकट्याने लक्षात ठेवण्यानं.

इथे फोनची खरी मदत होते. पण म्हणून दहा नवी अ‍ॅप घेऊ नका. कोणतंही अ‍ॅप घेताना एवढंच बघा, की त्यामुळे डोक्यावरचा भार उतरतो, की रोज उघडून बघायची आणखी एक गोष्ट वाढते. दुसरं असेल तर ते काढून टाका. कितीही जणांनी सुचवलेलं असलं तरी.

सुरुवात कॅलेंडरपासून करा. गूगल कॅलेंडर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असतं आणि फुकट असतं. त्यात ‘घर’ नावाचं वेगळं कॅलेंडर काढा. हे काम संगणकावर सोपं जातं. शाळेच्या संगणकावर केलंत तर नंतर खात्यातून लॉग आउट करायला विसरू नका. मग ते कॅलेंडर नवऱ्याच्या किंवा बायकोच्या खात्याशी जोडा. दोघांच्या फोनवर तेच दिसेल आणि दोघांनाही त्यात लिहिता येईल.

आता त्यात काय लिहायचं? आधी मुलांच्या लसी लिहा, कारण दीड-दोन वर्षांपासून पुढच्या लसी हमखास विसरल्या जातात. सरकारी वेळापत्रकात १६ ते २४ महिन्यांत डीपीटीचा पहिला बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो. ५ ते ६ वर्षांत डीपीटीचा दुसरा बूस्टर येतो. मग १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडी. मूल आज वर्षाचं असलं तरी या तारखा आजच घालून ठेवा. पालकसभा, विम्याचा हप्ता, आईवडिलांची डोळ्यांची तपासणी, हेही त्यातच.

आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहा. ‘बाबा – लस’. ‘आई – पालकसभा’. ज्याचं नाव, त्याचं काम. त्यानं आपल्या फोनवर त्याची आठवण लावायची. तुम्ही मागून ‘अहो, आज लस आहे ना?’ असं विचारू नका. विचारलंत की ते काम पुन्हा तुमच्याच डोक्यात येऊन बसतं. पहिल्या महिन्यात एखादी गोष्ट राहील. राहू द्या. लस चार दिवस उशिरा घेता येते.

किराण्याची यादी गूगल कीपमध्ये करा आणि तीही घरात सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. तेल संपल्याचं ज्याला दिसेल, त्यानं लिहायचं.

आता शाळेचं बघू. सगळ्यात जास्त त्रास व्हॉट्सअ‍ॅपचा होतो. तिथून सुटका नाही, पण त्याला शिस्त लावता येते.

तुमच्या फोनमध्ये दोन सिम असतील तर शाळेचा नंबर वेगळा करा. २०२३ पासून अँड्रॉइडवर एकाच व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन खाती ठेवता येतात. दुसरं सिम नको असेल तर निदान ग्रुप म्यूट करा आणि ठरलेल्या वेळी उघडा. पालकांच्या ग्रुपमध्ये ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवतील’ अशी सोय आहे, ती चालू करा. त्यानं शुभेच्छांचा पूर थांबतो आणि पालकांनाही सूचना सापडते. वैयक्तिक अडचणीसाठी त्यांना एक वेळ सांगून ठेवा, समजा संध्याकाळी पाच ते सहा. बहुतेक पालक ती पाळतात. त्यांनाही घर आहे.

ग्रुपच्या नावावर टॅप केलंत की ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ दिसेल. ती बंद करा. मग केंद्राची परिपत्रकं आणि तुमच्या लेकीच्या वाढदिवसाचे फोटो गॅलरीत एकमेकांत मिसळणार नाहीत.

वर्णनात्मक नोंदींसाठी बोलून टाइप करा. यानं शिक्षकांचा जितका वेळ वाचतो तितका दुसऱ्या कशानं क्वचितच वाचत असेल. जीबोर्ड या कळफलकात मराठी भाषा घाला, माइकचं चिन्ह दाबा आणि सावकाश बोला. ‘परिसरातील पक्ष्यांची नावे सांगतो. वाचताना जोडाक्षरांवर अडखळतो.’ वाक्य समोर उमटतं. मुलांची नावं कधी चुकीची येतात, पूर्णविराम तुम्हालाच द्यावे लागतात, म्हणून एकदा वाचून घ्या. मात्र एकच नोंद तीस मुलांना चिकटवू नका. वाचलेला वेळ त्या मुलाकडे नीट बघण्यासाठी आहे. चॅट जीपीटी किंवा जेमिनायकडून प्रश्नपत्रिका काढून घेत असाल तर प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवून बघा, आणि त्यात मुलांची नावं कधीच टाकू नका.

२०१७ साली आलेलं दीक्षा अ‍ॅप तुम्हाला माहीत असेलच. बालभारतीच्या पुस्तकांवर छापलेला क्यूआर कोड त्यानं स्कॅन केला की पाठाचं साहित्य उघडतं. ते घरी वायफायवर आधी उतरवून ठेवा. वर्गात रेंज नसली तरी चालतं, आणि ऐन तासाला चाळीस मुलं गोल फिरणारं चिन्ह बघत बसत नाहीत.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. माहिती भरताना आपण मुलांच्या आधार कार्डाचे फोटो काढतो. ते फोनमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात. फोन हरवला, विकला, दुरुस्तीला दिला, की ते कुणाच्याही हाती लागतात. त्या आईवडिलांनी तुमच्यावर विश्वासानं कागद दिलेला असतो. काम झालं की त्याच दिवशी फोटो पुसा. गॅलरीच्या कचरापेटीतूनही पुसा. आधार कार्ड ग्रुपवर टाकू नका. आणि पालकांची परवानगी घेतल्याशिवाय मुलांचे फोटो स्टेटसला लावू नका.

तुमच्या घरची कागदपत्रं डिजीलॉकरमध्ये आणा. सरकारी खात्याकडून तिथे थेट आलेला दाखला कायद्यानं मूळ कागदाइतकाच ग्राह्य असतो. आपण स्वतः फोटो काढून चढवलेल्या प्रतीला तो मान नाही, एवढं लक्षात असू द्या.

घरच्या लेकरांच्या हाती फोन देताना जपा. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या आत, आणि जितका कमी तितका बरा. शिकवायचं अ‍ॅप असलं तरी तोही पडदाच. फोन द्यायची वेळ आलीच तर ‘अ‍ॅप पिन’ करून द्या. मग मूल त्या एका अ‍ॅपच्या बाहेर जात नाही. तुमचा शाळेचा ग्रुप आणि पैशांचं अ‍ॅप दोन्ही सुरक्षित राहतात. मोठ्या मुलाचा स्वतःचा फोन असेल तर फॅमिली लिंकवरून वेळेची मर्यादा घालता येते. चोरून घालू नका. त्याला शेजारी बसवून, सांगून घाला.

अ‍ॅप नेहमी प्ले स्टोअरमधूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, ई-चलान किंवा बँकेच्या केवायसीच्या नावानं ‘एपीके’ फाइल येते. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, त्याचाही फोन फसलेला असू शकतो. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. त्याच क्षणी १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

राहिलं तुमचं स्वतःचं. त्यासाठी वेगळं अ‍ॅप घेऊ नका. पाळीच्या तारखांची अ‍ॅप तर फारच विचार करून घ्या, ती नाजूक माहिती साठवतात. कागदी दिनदर्शिकेवरची खूण तितकीच चालते. रात्री साडेनऊनंतर ‘डू नॉट डिस्टर्ब’ आपोआप चालू होईल असं लावा. आईवडील, घरची माणसं आणि मुख्याध्यापक यांचे फोन तेवढे वाजू द्या, तशी सोय त्यात असते.

आणि ‘घर’ कॅलेंडरमध्ये तुमचाही तास लिहा. चालणं, वाचन, मैत्रिणीकडे जाणं, नुसतं पडून राहणं, काहीही. लसीसारखाच, नाव घालून, सगळ्यांना दिसेल असा. त्या तासाला मूल कुणाकडे असेल, तेही तिथेच लिहा.