शेकोटीचे लाकूड कोणाचे?

पावसाळा सरून थंडी पडू लागली की आमच्याकडे रानात रात्र काढण्याची टूम निघते. पणजी, मडगाव, फोंडा, तिकडून बेळगाव, सगळीकडची तरुण मंडळी तंबू पाठीला मारून सह्याद्रीच्या पायथ्याशी जातात. चांगली गोष्ट आहे, मुलांनी रान पाहिलेच पाहिजे. तंबू, टॉर्च, चहा-साखर, भाजायची कोंबडी, सगळे घरून येते. फक्त लाकूड कोणी आणत नाही. रानात काय लाकडांना तोटा? पडलेले लाकूड कोणाचेच नसते, मग उचलले तर बिघडले कुठे?

बिघडते, आणि पहिल्यांदा कायद्यात बिघडते. 1927 च्या भारतीय वन कायद्यात राखीव जंगलातून वनोपज नेणे हा गुन्हा आहे, आणि ठरवून दिलेला हंगाम सोडला तर तिथे विस्तव पेटवणे किंवा नेणे हाही गुन्हाच. अभयारण्यात नियम आणखी कडक. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथून काहीही काढायला परवाना लागतो. सर्वोच्च न्यायालयाने तर 14 फेब्रुवारी 2000 च्या आदेशाने अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांतली मेलेली, वाऱ्याने पडलेली झाडे, वाहून आलेले लाकूड आणि गवतसुद्धा काढण्यास राज्यांना मनाई केली. आपल्याकडे मोले, खोतीगाव, बोंडला आणि 1999 साली जाहीर झालेली म्हादई व नेत्रावळी ही अभयारण्ये डोळ्यांसमोर आणा. तंबू ठोकायची हौस बहुतेक याच पट्ट्यात भागवली जाते.

पण याच रानात आणखी एक माणूस लाकूड वेचत असतो. काणकोण, सांगे, सत्तरीच्या वाड्यांवरच्या बायका डोक्यावर मोळी घेऊन उतरताना आपण पाहतोच. घरात गॅस आला तरी न्हाणीतले भाण तापवायला आणि भात उकडायला त्यांना सरपण लागतेच. पावसाळ्याच्या पुरुमेंतात सुक्या मासळीबरोबर वाळकी फाटीही येते. कायद्याने या गरजेला अगदीच डावललेले नाही. वन्यजीव कायदा अभयारण्यातून काढलेली वनोपज तिथल्या आणि आसपासच्या रहिवाशांच्या घरगुती गरजेसाठी वापरू देतो, धंद्यासाठी नाही. पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजेच्या यादीत काटक्या-झुडपे आणि बुंधेही घातले आणि पिढ्यान्पिढ्या ती गोळा करणाऱ्यांचा त्यावरचा हक्क मान्य केला. गोव्यात मात्र वनहक्काच्या दाव्यांचे काम वर्षानुवर्षे रेंगाळत आले. म्हणून हक्क असलेली बाई वनरक्षक दिसला की मोळी घेऊन झुडपाआड होते आणि हक्क नसलेला पाहुणा शेकोटीभोवती गिटार वाजवतो. मला खटकते ते हे.

लाकूड कोण नेतो आणि कशासाठी, हे विचारणारे नियम आपल्या पूर्वजांकडेही होते. देवराईतली वाळकी काटकीही घरच्या चुलीसाठी उचलायची नाही, ही रीत कित्येक गावांत पाळली गेली. सत्तरीतल्या केरीची आजोबाची राय उभी राहिली ती अशाच धाकावर. देवराईबाहेरचे रान मात्र गावाच्या चुलीसाठी मोकळे. वनखात्याच्या कितीतरी आधीची ही विभागणी आहे.

परदेशातही एकच एक नियम नाही. स्वीडनमध्ये दुसऱ्याच्या रानात हिंडण्याचा हक्क सर्वांना आहे आणि जमिनीवरच्या काटक्या शेकोटीसाठी उचलता येतात. उभ्या झाडाला हात लावायचा नाही आणि आगबंदी जाहीर झाली की शेकोटी विसरायची. शेजारच्या फिनलंडमध्ये हिंडायला मुभा आहे, पण जमीनमालकाच्या परवानगीवाचून उघडी शेकोटी पेटवता येत नाही. अमेरिकेत योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात 9,600 फुटांच्या वर शेकोटीला बंदीच आहे. त्याच देशात 2002 साली मिशिगनमध्ये ॲशची झाडे पोखरणारा एक आशियाई भुंगेरा सापडला. सरपणाबरोबर तो गावोगाव पोचतो असे लक्षात आल्यावर, लाकूड जिथे घ्याल तिथेच जाळा, असे लोकांना सांगण्यात येऊ लागले. प्रत्येक ठिकाणी नियमामागे काही कारण आहे आणि ते लोकांना सांगितले जाते. आमच्याकडे फलकावर फक्त 'प्रवेश बंद' असते.

मेलेले लाकूड वाया जाते असे ज्यांना वाटते त्यांनी श्रावणातली अळमी आठवावी. रोयणीवर, म्हणजे वारुळावर, उगवणारी ही अळमी ज्या वाळवीच्या आश्रयाने वाढते ती वाळवी सुके लाकूड आणि पालापाचोळा खाऊन जगते. एक ओंडका जाळला म्हणून अळमी संपणार नाही. पण त्याच जागी दर शनिवारी दहा तंबू लागले तर जमीन भुंडी व्हायला वेळ लागत नाही. आणि आगीचे काय? मार्च 2023 मध्ये म्हादईचे रान दिवसेंदिवस धुमसत होते, विझवायला नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. त्या आगी कोणी लावल्या यावर पुष्कळ वाद झाला. कोरड्या दिवसांत ठिणगी किती लांब जाते यावर मात्र वादाला जागा उरली नाही.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. अभयारण्यात पाहुण्याने लाकूड वेचू नये, चुलीसाठी छोटा गॅस न्यावा. बाहेर, जिथे शेकोटीला परवानगी आहे, तिथे जळण घरून न्यावे. करवंट्या, सोडणे, चुडते यांचा गोव्यात कोणाच्या परसात तुटवडा आहे? वनखात्याने तंबूंच्या जागा आखून द्याव्यात, शेकोटीचे खड्डे बांधावेत आणि नियम कारणांसह मराठी-कोकणीत लिहावेत. सरकारने वनहक्काचे दावे निकालात काढावेत. मग त्या बाईला मोळी लपवावी लागणार नाही, आणि आपल्या मुलांनाही कळेल की आपल्याला जी हौस आहे ती दुसऱ्या कोणाची चूल आहे.