सहीची जोखीम

सार्वजनिक द्रव्य लुटणाऱ्यास शासन व्हावे, याविषयी दुमत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. जो पहाऱ्याचा पगार घेतो, त्याच्या डोळ्यांदेखत लूट झाली तर त्याला जाब कोण विचारणार?

आमच्या नांदेड जिल्ह्यातील कृष्णूर येथे जुलै २०१८ मध्ये पोलिसांनी शिधावाटपाच्या गहू-तांदुळाच्या म्हणून काही मालमोटारी एका खासगी कारखान्यापाशी पकडल्या. तपास पुढे राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. त्यात आम्ही शिरत नाही. परंतु सरकारी धान्य अन्न महामंडळाच्या गोदामातून तालुक्याच्या गोदामात व तेथून स्वस्त धान्य दुकानात जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर आवक-जावकेची नोंद व सही होते. असे धान्य वाट चुकले, तर एखादी सही खोटी तरी असली पाहिजे, नाही तर आंधळी तरी! खोट्या सहीसाठी फौजदारी कायदा आहे. आंधळ्या सहीचे काय?

तिच्यासाठीही नियम आहे. निष्काळजीपणाने सरकारचे झालेले नुकसान कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल करण्याची तरतूद १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत आहे. मात्र ती किरकोळ शिक्षांत गणली आहे. शिवाय १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे, सेवेत असताना खातेनिहाय चौकशी सुरू झाली नसेल, तर निवृत्तीनंतर चार वर्षांहून जुन्या घटनेबद्दल ती सुरू करता येत नाही. म्हणजे वरिष्ठांनी कागद दाबून ठेवला की काळच आरोपीचा वकील होतो!

यावर कोणी म्हणेल की, अशा धाकाने प्रामाणिक कारकूनही सही करण्यास कचरेल व गरिबांचे काम अडेल. हा आक्षेप पोकळ नव्हे. म्हणूनच, ज्याने माल मोजला व तफावत दिसताच लेखी हरकत घेतली, त्याला पूर्ण अभय असावे. ज्याने न पाहता सही केली, त्याने नुकसान भरावे. आणि ज्या वरिष्ठाने चौकशी मुदतीबाहेर जाऊ दिली, त्याच्यावरही तीच जबाबदारी पडावी.

लोकांचेही कर्तव्य आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने राज्यापासून दुकानापर्यंत दक्षता समित्या नेमावयास सांगितल्या आहेत. आपल्या दुकानाच्या समितीत कोण आहेत व तिची शेवटची बैठक कधी झाली, हे मुदखेडच्या नागरिकांनी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तहसील कचेरीत विचारावे. निजामी अंमलात अंमलदारास हिशेब विचारण्याची प्रजेची छाती नव्हती. तो अंमल सप्टेंबर १९४८ मध्ये संपला. आता खजिना आपला आहे व पहारेकरीही आपल्याच पगाराचा आहे. मालकानेच हिशेब मागितला नाही, तर पहारेकरी जागा राहील कशाला?