दहावीनंतरची पहिली पायरी



ऊस नोंदीसाठी शिवारात फिरताना जूनच्या सुमारास आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "साहेब, पोरगं दहावी पास झालंय, पुढं काय करू?" पुष्कळांचा बेत ठरलेलाच असतो. अकरावी-बारावी सायन्स, जोडीला महागडा क्लास, मग इंजिनिअरिंग. फीसाठी उसाच्या बिलावर कर्ज काढायचे. बारावीला किंवा सीईटीला गुण कमी पडले, की बिलही गेले आणि पोराच्या हातात धंद्याचे काहीच नाही.

आमचे स्पष्ट मत असे की, इंजिनिअर व्हायचे असेल त्याने आधी तंत्रनिकेतनाची पदविका घ्यावी आणि तिथून पदवीला जावे. आंबा घाट उतरून गेले की रत्नागिरीला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथे दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो आणि शुल्क खाजगी कॉलेजच्या मानाने पुष्कळ कमी. पदविका झाली की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. त्याला सीईटी लागत नाही, पदविकेचे गुण धरतात. पदवीची सोय रत्नागिरीत फिनोलेक्स अकॅडमीत, देवरुखजवळ आंबवला माने महाविद्यालयातही आहे.

हिशेब मांडून पाहा. बारावीपर्यंत २ आणि पदवीची ४, एकूण ६ वर्षे. पदविकेची ३ आणि पदवीची ३, तरीही ६च. वर्ष वाया जात नाही. शिवाय घरच्या अडचणीने मध्येच थांबावे लागले, तरी पदविकेवर नोकरी मिळू शकते.

"डिप्लोमा म्हणजे कमी मार्कवाल्यांचा," असं पारावर बोललं जातं. ते खरे नव्हे. आपण आता उसाची रोपे ट्रेमध्ये वाढवून मग सरीत लावतो. म्हणून ऊस कमी प्रतीचा होतो काय? उलट तुटाळ कमी पडते.

मात्र हा रस्ता आयता नाही. दुसऱ्या वर्षाच्या जागा मोजक्या, त्यामुळे पदविकेत गुण चांगलेच हवेत. पुढे गणित जड जाते, ते आधीपासून पक्के करावे. कृषी पदविकेचे नियम वेगळे आहेत. त्यावर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा राहुरीला विचारूनच पाऊल टाकावे.

मुलींनाही मागे ठेवू नका. आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातील, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील मुलींना शासकीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक शिक्षण घेताना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे.

तेव्हा निकालाची वाट न पाहता जातीचा, उत्पन्नाचा, अधिवासाचा दाखला आताच काढून ठेवा. लागणीची तारीख आपण चुकवत नाही, तशी प्रवेशाचीही चुकवू नका.

— ऊस विकास अधिकारी