पर्यायी इंधनाच्या गाड्यांबाबत वडाळ्यातील वाहनधारकांचे निवेदन

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : सीएनजी व विजेवरील गाडी घेताना वाटणारी धास्ती दूर करण्याबाबत

महोदय,

वडाळ्यातील वाहनधारक, टॅक्सीचालक व सोसायट्यांचे रहिवासी हे निवेदन सादर करीत आहेत.

१६ नोव्हेंबर २०२५ रोजी आरसीएफ या खत कंपनीच्या आवारात गेलच्या मुख्य वायुवाहिनीला इजा झाली आणि महानगर गॅसच्या वडाळा सिटी गेट स्टेशनला, म्हणजे शहरात वायू जिथून येतो त्या केंद्राला, होणारा पुरवठा खालावला. दुसऱ्या दिवशी मुंबई, ठाणे, नवी मुंबईत सीएनजी पंपांवर टॅक्सी-रिक्षांच्या रांगाच रांगा लागल्या. अनेकांची दिवसाची कमाई बुडाली. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी सीएनजी स्वीकारला त्याला दोन दशके उलटली; त्यांचीच ही गत पाहून नवा ग्राहक पेट्रोललाच धरून बसतो.

विजेच्या गाडीचा पेच वेगळा. ३० युनिटांची बॅटरी घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर भरायला सुमारे दहा तास लागतात. म्हणजे गाडी रात्रभर प्लगशेजारी हवी. वडाळ्यातल्या जुन्या इमारतींतल्या गाड्या रस्त्याकडेला उभ्या राहतात. तिसऱ्या मजल्यावरून फुटपाथपलीकडे वायर सोडता येत नाही. आवारात जागा असली तर मीटर कुणाचा, आग लागल्यास जबाबदार कोण, यावर सोसायटीची ना-हरकत अडते. खरे तर घरच्या जोडणीवर चार्जिंगला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्येच मुभा दिली आहे.

शेजारच्या शिवडीतून निघणाऱ्या अटल सेतूवर विजेच्या मोटारींना ऑगस्ट २०२५ पासून टोल माफ झाला, याचे रहिवासी स्वागत करतात. पण टोल वाचला तरी रात्री गाडी कुठे चार्ज करायची, हा प्रश्न उरतोच.

पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बंद करता येतील का, हे तपासण्यासाठी शासनाने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. बंदीआधी सोय व्हावी, म्हणून पुढील मागण्यांचा संबंधित यंत्रणांकडे पाठपुरावा करावा :

१. सिटी गेट स्टेशनसाठी पर्यायी पुरवठ्याची योजना जाहीर करावी. गॅस कोणत्या पंपावर आहे, हे टंचाईत चालकांना तासातासाला कळवावे.

२. रस्त्याकडेच्या अधिकृत पार्किंगमध्ये रात्रीच्या चार्जिंगसाठी बेस्ट व महापालिकेने खांब उभारावेत.

३. जुन्या सोसायट्यांसाठी मीटर, वायरिंग व अग्निसुरक्षेचे नमुना नियम ठरवून ना-हरकतीला मुदत घालावी.

४. बॅटरीवर सहसा आठ वर्षांची हमी मिळते. पुढे गाडी विकताना भाव पडू नये म्हणून वडाळा आरटीओत बॅटरी तपासून प्रमाणपत्र द्यावे.

महिनाभरात वडाळा आरटीओत सर्व यंत्रणांची संयुक्त बैठक बोलावून लेखी वेळापत्रक द्यावे, ही विनंती.

आपले,
वडाळा परिसरातील रहिवासी व वाहनधारक

प्रत : महाव्यवस्थापक, बेस्ट, व्यवस्थापकीय संचालक, महानगर गॅस