कलावंतांची दप्तरे आणि नाशिकचे दायित्व

1920च्या सुमारास दादासाहेब फाळके हिंदुस्थान फिल्म कंपनीतील भागीदारांच्या मतभेदांना कंटाळून काशीस जाऊन राहिले होते. चित्रपटांचा धंदा कायमचा सोडून नाटक लिहिण्यात ते गुंतले असता ‘संदेश’कार अच्युतराव कोल्हटकरांनी त्यांना परत येण्याविषयी पत्र लिहिले आणि त्या पत्रास, या धंद्यापुरते आपण मृतच आहोत अशा आशयाचे उत्तर फाळक्यांनी धाडले. कोल्हटकर हे जात्याच पत्रकार असल्यामुळे त्यांनी ते उत्तर फाळके मरण पावल्याच्या मथळ्याखाली छापून टाकले. त्यावर वाचकांची पत्रे आली, तीही छापली गेली, ते सारे अंक काशीस रवाना झाले, आणि ती पत्रे वाचून विरघळलेले फाळके अखेर नाशिकास परतले. चरित्रकारांनी नोंदविलेली ही हकीकत आहे. भारतीय चित्रपटाच्या जनकाचा दुसरा कार्यकाळ अशा रीतीने पाच-पन्नास कागदांतून उभा राहिला.

ही पत्रे आपल्याला ठाऊक आहेत याचे कारण ती छापली गेली, एवढेच. फाळक्यांचे जे जे आज आपल्या हाती आहे ते बहुतांशी याच वाटेने आलेले आहे. 1917-18 साली ‘नवयुग’ मासिकात त्यांनी आपल्या धडपडीची जी लेखमाला लिहिली ती मासिकामुळे टिकली. 1927-28च्या चित्रपट चौकशी समितीपुढे, म्हणजे रंगाचारियार समितीपुढे, त्यांनी दिलेली साक्ष सरकारने छापली म्हणून टिकली. परंतु ज्या मनुष्याने विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 साली विलायत गाठली, तेथे विल्यमसन कॅमेरा विकत घेतला, ‘बायोस्कोप’ पत्राच्या संपादकांपासून सेसिल हेपवर्थपर्यंत अनेकांशी परिचय जोडला, आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणल्यानंतर नाशिकास बिऱ्हाड हलवून जवळजवळ शंभर चित्रपट काढले, त्याने या काळात कच्च्या फिल्मच्या मागणीची, उधारीच्या तगाद्यांची, नटांच्या पगाराची, रसायनांच्या प्रमाणांची आणि घरच्या खुशालीची किती कागदपत्रे लिहिली असतील याचा नुसता अदमास केला तरी छापील फाळके हे मूळ फाळक्यांचा किती लहान अंश आहेत हे ध्यानात येते. त्यांच्या मृत्यूची वार्तासुद्धा एका कागदाशी निगडित आहे. युद्धकाळात चित्रपटासाठी सरकारी परवाना लागत असे. त्यासाठी थकलेल्या दादासाहेबांनी अर्ज केला, तो नामंजूर झाल्याचे पत्र आले आणि दोनच दिवसांनी, 16 फेब्रुवारी 1944 रोजी, नाशिकात त्यांचा अंत झाला, असे चरित्रांत सांगितले आहे. तो अर्ज कोणत्या शब्दांत लिहिला होता, त्याचे मसुदे किती झाले, अक्षर थरथरत होते की ठाम होते, हे सांगू शकेल असा साक्षीदार त्या कागदावाचून दुसरा नाही.

आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई? फिल्मच्या पट्टीला छिद्रे पाडणे, रसायने कालविणे, चित्रीकरणाच्या वेळी प्रकाश परतविण्यासाठी उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे, अंगावरचे दागिने गहाण पडू देणे आणि कंपनीच्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक रांधणे, ही सगळी कामे ज्या बाईने केली तिचे नाव श्रेयनामावलीत नाही आणि समितीच्या साक्षीपुराव्यातही नाही. तिची ओळख आपल्याला पतीच्या लेखणीतून आणि मुलाबाळांच्या आठवणींतून झाली. छापखाना ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही अशा माणसांचा, विशेषतः स्त्रियांचा, कलेच्या इतिहासातील वाटा शोधावयाचा झाल्यास वाणसामानाची वही, माहेरी धाडलेले कार्ड आणि सावकाराची पावती यांवाचून गत्यंतर नाही. माझ्या दृष्टीने खासगी कागदपत्रे जपण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे. थोर पुरुषाचे थोरपण छापील ग्रंथांत सहसा शिल्लक उरते. त्याच्या घरातील, कारखान्यातील, रंगमंचामागील इतर माणसे मात्र कागदांबरोबर नाहीशी होतात.

कागद नाहीसे होण्याच्या वाटाही आपल्या परिचयाच्याच आहेत. जुन्या नाशिकातील वाडे पावसाळ्यात खचतात, गोदावरीचा पूर सराफ बाजारात आणि भांडी बाजारात शिरतो, वाळवी आणि कसर आपले काम बारमाही करीत असतात; परंतु यांच्याहून अधिक नाश वाटणीच्या वेळी होतो. घर विकावयास निघाले की भांडी, फर्निचर, तसबिरी यांची मोजदाद होते, आणि माळ्यावरचे पुडके, ते कोणालाच नको असल्यामुळे, रद्दीवाल्याच्या हवाली होते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी पायपीट करून घराघरांतून जी दप्तरे मिळविली आणि 1898पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ म्हणून खंडामागून खंड प्रसिद्ध केली, त्या उद्योगाने मराठी समाजाला सरदारांच्या आणि वतनदारांच्या कागदाची किंमत शिकविली. त्यांच्या पश्चात धुळ्यास त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले, आणि पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ 1910पासून आहेच. तथापि सनद, महजर आणि तहनामा यांना जी प्रतिष्ठा आपण दिली ती चित्रकाराच्या रंगखर्चाच्या टाचणाला किंवा नाटककाराच्या खोडलेल्या प्रवेशाला अजून दिलेली नाही.

येथे कलावंतांच्या घरच्या मंडळींना एक आग्रहाची विनंती करावीशी वाटते. कागद एखाद्या संग्रहसंस्थेस देण्यापूर्वी ते निवडू नयेत. मान्यवरांची पत्रे वेगळी काढून, चांगले तेवढे ठेवून, बाकीचे ‘फालतू’ म्हणून फेकून देण्याची आपली वहिवाट श्रद्धेपोटी असली तरी तिने अभ्यासाची अपरिमित हानी होते. कारण एखाद्या पत्राचा अर्थ पुष्कळदा त्याच्या शेजारी बांधलेल्या बिलात असतो, आणि ज्या क्रमाने कलावंताने स्वतः कागद बांधून ठेवले तो क्रम हाही एक पुरावाच असतो. रुमाल जसा सापडला तसाच बांधलेला द्यावा. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा डिंक काही वर्षांनी कागद पिवळा करून खातो. टाचण्या गंजल्या असल्या तरी त्या काढण्याचे काम जाणकारावर सोपवावे. फाळक्यांच्या पिढीच्या खासगी लेखनात मोडीचाही वावर असे, म्हणून वाचता येत नाही ते निरुपयोगी असा समज तर मुळीच करून घेऊ नये.

घराण्याची अब्रू, हा या कामातील खरा अडसर आहे आणि तो मी क्षुल्लक मानीत नाही. चित्रकार अमृता शेरगिल यांनी जपून ठेवलेल्या पत्रांपैकी पुष्कळशी त्यांच्या आईवडिलांनी जाळून टाकली, आणि त्याचे दुःख अमृतांनी जी पत्रे पुढे लिहिली त्यांत उमटलेले आहे. उरलेली पत्रे आणि लेखन त्यांचे भाचे विवान सुंदरम यांनी संपादून 2010 साली दोन खंडांत प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्या चित्रांकडे पाहण्याची आपली दृष्टीच बदलली. याउलट व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या भावाची विधवा योहाना हिने दिराची पत्रे वर्षानुवर्षे सांभाळली, कालक्रमाने लावली आणि 1914 साली छापून काढली. त्या पत्रांचे आज ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात चित्रांइतकेच जतन होते. योहानाने घाई केली नाही, पण काही जाळलेही नाही, हे तिचे शहाणपण होय. संस्थेकडे कागद देताना वीस, तीस, पन्नास वर्षे अमुक गठ्ठा उघडू नये अशी मुदत दानपत्रात घालता येते, आणि ती मुदत निष्ठेने पाळणे हे संस्थेचे ब्रीद असले पाहिजे. शिवाय पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याच्या मालकीचा असला, तरी त्यातील मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडे व त्याच्या वारसांकडे राहतो, हे कायद्याचे तत्त्वही दोन्ही पक्षांनी आधीच समजून घेतलेले बरे.

नाशिकास हे काम परके नाही. येथील सार्वजनिक वाचनालय 1840पासून चालू आहे, अंजनेरीस नाणकशास्त्राची संशोधन संस्था 1980पासून एकेका नाण्याची नोंद शास्त्रीय काटेकोरपणाने ठेवीत आली आहे, वि. वा. शिरवाडकरांच्या नावाचे प्रतिष्ठान आहे, आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी महानगरपालिकेने उभारलेले फाळके स्मारकही आहे. शिरवाडकर आणि वसंत कानेटकर असे मराठी रंगभूमीचे दोन समर्थ नाटककार एकाच काळी ज्या गावात राहत होते, त्या गावाने नाटकमंडळींचा, चित्रकारांचा, गवयांचा पत्रव्यवहार गोळा करण्याची तजवीज करावी, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. यासाठी नवी भव्य इमारत मात्र बांधू नये. स्मारकांच्या बाबतीत आपला पैसा दगड, कारंजी आणि उद्घाटनाच्या कोनशिलांत अडकतो, आणि कागदासाठी कोरडी खोली, लोखंडी मांडण्या, आम्लरहित पेट्या व एक शिकलेला माणूस यांची तरतूद करताना हात आखडतो. पहिला खर्च त्या माणसावर व्हावा. मोडी जाणणारा, अभिलेखशास्त्र शिकलेला आणि लोकांच्या ओसरीवर तासन्‌तास बसून विश्वास संपादन करू शकणारा असा एक दप्तरदार पूर्ण पगारावर नेमला, तर इमारतीचा प्रश्न दहा वर्षे पुढे ढकलता येईल.

मूळ कागद नाशिकातच राहिले पाहिजेत असा हट्टही मी धरणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, विशेषतः पी. के. नायर यांनी, फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष मिळवून ते वाचविले नसते तर आज आपल्यापाशी ‘कालिया मर्दन’चेही दर्शन नसते, तेव्हा जेथे तापमान आणि आर्द्रता सांभाळली जाते तेथे नाजूक कागद जावेत, आणि त्यांच्या नकला येथे असाव्यात. स्थानिक अभिमानापायी एखादे दप्तर ओलसर खोलीत कुजविणे हे अभिमानाचे लक्षण नव्हे. पण कोणाच्या घरी काय आहे याची फेरिस्त तरी नाशिकात नाशिककरांनीच केली पाहिजे, कारण पुण्यामुंबईच्या अधिकाऱ्याला गल्ली ठाऊक नसते, आणि आजोबांची ट्रंक कोणत्या नातवाकडे गेली हे तर मुळीच ठाऊक नसते. महानगरपालिका, वाचनालय आणि प्रतिष्ठान यांनी मिळून हिवाळ्यात ही पाहणी सुरू करावी आणि जी दप्तरे गळक्या छपराखाली आहेत ती, मालकी घरच्यांचीच ठेवून, मृगापूर्वी सुरक्षित जागी हलवावीत. दानपत्र, मुदत, नकला यांची बोलणी मागाहून सावकाश होऊ शकतात.