भुतांना सोवळ्याबाहेर का?

रत्नाकर मतकरींच्या गूढकथा मिटक्या मारीत वाचणारे आमच्या यवतमाळचे एक गुरुजी परवा मला म्हणाले, "भुताखेतांच्या लेखकाने महाभारताला हात लावावा, हे काही शोभले नाही." रोख 'आरण्यक'वर होता. १९७४ सालच्या त्या मुक्तछंदातील नाटकात युद्ध संपल्यावर उरलेले धृतराष्ट्र, गांधारी, कुंती, विदुर आहेत.

गुरुजींनी आश्रमवासिक पर्व उघडलेले दिसत नाही. (मीही मास्तरच, आम्हांला वाचावयास सवड कोठली!) त्या पर्वात पुत्रशोकाने पोळलेल्या म्हाताऱ्यांसाठी व्यास गंगेच्या पाण्यातून मेलेले वीर एका रात्रीपुरते वर आणतात. जन्मांध धृतराष्ट्राला मुलांची तोंडे पहिल्यानेच दिसतात, तीही मुले मेल्यावर! अंगावर असा काटा मतकरींच्या तरी कोणत्या कथेने आणला? मग भुतांना सोवळ्याबाहेर बसवून महाभारत वाचावयाचे कसे?

अमेरिकेतील अ‍ॅन राइस या बाई रक्तपिशाचांच्या कादंबऱ्यांनी गाजल्या. पुढे धर्माकडे परतल्या आणि २००५ साली त्यांनी बाल येशूवर कादंबरी लिहिली. त्यांना वाट बदलावी लागली. मतकरींना ती बदलण्याचे कारणच नव्हते.

गुरुजींना ते पर्व नेऊन दिले आहे. फराळ आटोपला, की रात्री एकट्याने वाचावे.